एका श्वासातले अडतीस

बहीण: ...आणि छाती उघडून काढणार काय, तर एक ग्रंथी! एवढी वर्षं आत बसून होती, मला पत्ता नाही. आता म्हणे सगळ्या भानगडीची म्होरकी तीच.

दादा: हाड करवतीनं कापतात?

बहीण: तू हत्यारांची चौकशी का करतोयस? सुतार आहेस म्हणून मदतीला बोलावणार नाहीत तुला.

दादा: पातं बारीक असतं का, एवढंच विचारलं.

बहीण: मी नाही विचारलं. मी डॉक्टरबाईंच्या टेबलावरची झाडं प्लॅस्टिकची आहेत का ते बघत होते.

दादा: गुण येईल का?

बहीण: बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी होतात. काहींना वर्ष-दोन वर्षं वाट बघावी लागते. काहींना ढिम्म फरक पडत नाही. मी त्या शेवटच्यांत बसणार, माझं नशीब तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

दादा: आणि नाही केलं तर?

बहीण: चार वर्षं चाललंय तेच. आपलंच शरीर आपल्याच स्नायूंवर उठलंय. सकाळी मी राणी. दुपारी डावी पापणी खाली. संध्याकाळी जबडा हातानं धरून जेवण. काल बस स्टँडवर शेवटच्या गाडीची घोषणा केली, तर अर्धा फलाट माझ्या खिडकीशी, 'बाई, काय म्हणालात?' एका आजोबांनी खोकल्याची गोळी दिली.

दादा: घेतलीस?

बहीण: मग! लिंबाच्या चवीची होती.

दादा: आज दुपारी बारापर्यंत कळवायचंय ना? ऑपरेशनची तारीख धरून ठेवलीय त्यांनी.

बहीण: कळवते की, पुढच्या वर्षी बघू म्हणून. तब्येत स्थिर आहे माझी. ही वही बघ. रोज सकाळी एका श्वासात किती अंक मोजता येतात ते लिहायचं. श्वासाचे स्नायू किती दमलेत ते त्यावरून कळतं. दर सोमवारी फोन करून सांगते त्यांना.

दादा: अडतीस. अडतीस. अडतीस... तीन आठवडे अडतीसच?

बहीण: सातत्य म्हणतात त्याला. शाळेत कधी जमलं नाही.

दादा: लाकूडसुद्धा तीन आठवडे एका मापाचं राहत नाही, भोंग्या. ऊठ. माझ्यासमोर मोज.

बहीण: बेचाळिशीच्या बाईला भोंगा म्हणतोस, लाज वाटत नाही?

(दादा तिच्या पाठीवर तळहात टेकवून उभा राहतो.)

बहीण: हात कशाला?

दादा: मोज.

बहीण: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा—

दादा: थांब. तेरानंतर श्वास घेतलास.

बहीण: ऐकू आला?

दादा: नाही. पाठ हलली.

बहीण: अठरा वर्षांची कमाई आहे रे ती. गाडी, फलाट, वेळ, सगळे थांबे एका दमात म्हटल्यासारखे म्हणायचे आणि मध्येच श्वास चोरायचा. कुणाला कळत नाही. नव्या मुलींना मीच शिकवते. आता डॉक्टरांनाही गंडवलं. केवढी मोठी कलाकार!

दादा: भूल देणारे याच आकड्यावर भरवसा ठेवणार ना?

बहीण: हो.

दादा: मग?

बहीण: भीती वाटते, दादा. आकडा खाली आला की डॉक्टरबाई म्हणणार, लगेच या. कापण्याची भीती नाही. नंतर घशात नळी असते. जाग आल्यावर मी हाक मारीन आणि आवाजच निघणार नाही. आवाज सोडला तर माझ्याकडे आहे काय? रूप तर तू बघतोच आहेस.

दादा: मी शेजारी बसलेला असेन. हाक कशाला मारावी लागेल?

(बहीण वही मांडीवर ओढते.)

दादा: परत मोज. खरं.

बहीण: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा...

दादा: अठरा?

बहीण: नाही. संपला. मागच्या महिन्यात दवाखान्यात खरे अडतीस होते.

दादा: लिही.

बहीण: लिहिलं, सतरा. अक्षर बघ, तेवढं मात्र झोकात आलंय.

दादा: फोन लाव त्यांना. आत्ता.

बहीण: तूच बोल. माझा आवाज नाकात गेलाय. आणि... तारखेला हो म्हण.

दादा: नक्की?

बहीण: लाव रे, मी बदलायच्या आत.

दादा: हॅलो. मी... भाऊ बोलतोय. तिचा. ती हो म्हणतेय. आणि ते वहीतलं... अडतीस नाहीये ते, डॉक्टर, ते... ती...

बहीण: सावकाश, दादा. मध्ये श्वास घे. कुणाला कळत नाही.