अर्धी पायरी

श्रीपत: बघ किशोर, दारच्या पायरीला छिन्नी टेकली की सिमेंट निघतंय. वरून पायरी दिसते, गिलाव्याखाली पोकळ.

किशोर: मग सगळं तोडूनच टाका ना काका. महाडवरनं टाइल्स आणतो. एकदम मस्त फिनिश येईल.

श्रीपत: आन पावसात? शेवाळ धरलं की तुझी आई परत पडंल. श्रावणात इथंच पडली ना?

रंगूबाई: पडले नाय हो भावजी. बसले जरा.

किशोर: आई, दीड महिना प्लास्टर होतं हाताला! म्हणून बोलतो, मुंबईला चल. पुढच्या रविवारची दोन तिकिटं काढलीत मी.

रंगूबाई: चौदाव्या माळ्यावर काय करू रे? खिडकीतनं कुनाला हाक मारू?

श्रीपत: वयनी, खोट दुसऱ्या पायरीत हाय. लय उंच ती. मधी अर्धी पायरी घालतो.

रंगूबाई: नको. त्यांनी घातलीय ती.

किशोर: बाबांनी? पायऱ्या तर काकांनी बांधल्या ना?

श्रीपत: मी गवंडी, तुझा बाप बिगारी. नदीवरनं रेती डोक्यावर आणली चांगूनं. माप धरलं सोताच्या ढेंगेचं. मी म्हटलं, बायको पोटुशी हाय, जरा बेतानं घे. ऐकतोय कशाला!

रंगूबाई: तू होतास पोटात. मी पन म्हटलं, मला चढवत नाय. तर म्हंतात कसे, मी हाय ना हात द्यायला. आन दिला रे! डोक्यावर गवताचा भारा असला तरी खाली टाकायचे, आधी हात द्यायचे.

किशोर: कधी बोलली नाहीस.

रंगूबाई: काय बोलायचं त्यात? चार वर्सं झाली त्यांना जाऊन. अजून पाय उचलला की माझा हात पुढं जातो. श्रावणात तसाच गेला.

श्रीपत: वयनी, जुनी फोडत नाय मी. नुसते टाचे मारतो, नवं सिमेंट धरायला. तिच्या पुढ्यात अर्धी घालतो. चांगूची आत तशीच ऱ्हाईल.

रंगूबाई: तशीच?

श्रीपत: तशीच.

रंगूबाई: मग घाला.

(आठ दिवसांनी, रविवारी सकाळी. रंगूबाई वर दारात, किशोर खाली अंगणात.)

रंगूबाई: अरे, पोलादपूरला गाडी चुकंल तुझी. अजून किती रंग?

किशोर: एवढी कड राहिली. पांढरी पट्टी मारतो, तिन्हीसांजेला पण दिसेल. लाल रंगात काकांनी बारीक रेती टाकलीय, पाय सरकणार नाही.

रंगूबाई: काल सुकी होती तवा चारदा चढले-उतरले मी.

किशोर: बघत होतो.

रंगूबाई: मग?

किशोर: तुझं तिकीट कॅन्सल केलं.

रंगूबाई: कधी?

किशोर: तिसऱ्यांदा चढलीस तेव्हा.

रंगूबाई: हात धू आता. मागच्या दारानं ये, भाकरी खाऊन जा. रंग ओला हाय.