शेषरावांचा हात आधीच चिकटला होता

जबाब, ता. ११/२/१९६४. गोजरबाई भ्र. वामन सुरडकर, वय अंदाजे ४२ वर्षे, धंदा मजुरी व भजन गाणे, रा. धामणगाव बढे, जि. बुलढाणा.

मी आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगते की, मोताळ्याचा लाउडस्पीकरवाला गफ्फार यास आमच्या गावी आमचे मालक भगवानराव यांच्या कापसाच्या खोलीत कोंडून ठेवले आहे. आधी तिकडे माणसे पाठवा, असे मी आल्या आल्या सांगितले. जबाब झाल्याशिवाय कोणी निघत नाही, असे जमादार म्हणाले. मी म्हणाले, "साहेब, बैल गेल्यावर झोपा करसान काय?" तरी बसवले, म्हणून पुढे सांगते.

गावात वीज नवीन आली. त्या आनंदात भगवानरावांचे धाकटे भाऊ शेषराव यांनी आज सकाळी पारावर आम्हा बायांचे भजन ठेवले होते. गफ्फारकडे दोन मशीन आहेत, एक मोटारीच्या बॅटरीवरची, एक विजेवरची. मागच्या बाजारी मी दोन्हींत एकेक ओळ गाऊन पाहिली. बॅटरीच्या मशीनमध्ये माझा आवाज डब्यातून आल्यासारखा येई, आणि टाळ सुरू झाले की तेवढाही बुडे. विजेच्या मशीनचा आवाज भरदार होता. वीज आली असताना बॅटरी लावली तर गाव हसेल, असे शेषरावही म्हणाले. गफ्फार म्हणाला, हीच घ्या, पण माईकपाशी ओल नको. त्याने लाकडी पाट आणून माईकखाली ठेवला, की मी कोरड्यात उभी राहावी. यात त्याचे काय वाईट होते ते मला कोणी सांगावे.

आमच्याकडे गाणारणीला पाटावर उभी करून तिचे पाय धुतात. मी पाटावर उभी दिसताच शेषरावांच्या पत्नी रुख्मिणी तांब्या घेऊन आल्या. पाट पाय धुण्यासाठीच मांडला असे सर्वांना वाटले, मलाही वाटले. गफ्फार तेव्हा भोंगा बांधायला लिंबावर चढला होता. पाणी वाहून खाली सगळे ओले झाले. मी पाय पुसायला बाजूला झाले. शेषराव अनवाणी त्या ओल्यात उभे राहिले आणि दोन शब्द बोलायला त्यांनी माईकची लोखंडी दांडी धरली.

ते बोलेनात. दातखीळ बसलेली, डोळे पांढरे, हात दांडीला चिकटलेला. लोकांना वाटले भाषण विसरले. काही जण हसले. मी अगदी जवळ होते, म्हणून चिकटलेला हात मला दिसला. गफ्फारने वरून पाहिले, उडी टाकली आणि धावत जाऊन खटका ओढला. वीज गेली तेव्हा हात सुटला आणि शेषराव पडले.

लोकांनी पाहिले ते एवढेच, की गफ्फारने खटक्याला हात लावला आणि मालक पडले. भगवानरावांचा मुलगा पंजाबराव म्हणाला, "यानंच करंट सोडला बे." मी मध्ये पडले, हात आधीच चिकटला होता म्हणून सांगितले. तो म्हणाला, "गोजरे, तू आपलं भजन म्हण." चौघांनी गफ्फारला ओढत नेले.

शेषरावांना ट्रकमध्ये घालून बुलढाण्यास दवाखान्यात नेले. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. ट्रक गेल्यावर पंजाबराव त्या खोलीसमोर खाट टाकून बसला आणि सर्वांदेखत म्हणाला, "काका गेले त कापसाले आग लागायले किती वेळ लागते?" माझ्या नवऱ्यानेही त्याला अडवले नाही, कारण आम्ही त्यांच्याच शेतात कामाला आहोत. आतून गफ्फार ओरडत नव्हता. याचीच मला जास्त भीती वाटली. मी सरपणाला जाते असे सांगून गावाबाहेर पडले व मिळेल त्या गाडीने आले.

माझे नाव उघड होईल, गावात राहणे जड जाईल, असे जमादारांनी समजावले. मी म्हणाले, "लिवा नाव. मले भेव लागून राह्यलं. पण हात आधी चिकटला हे गफ्फारशिवाय पाह्यणारी मी एकटीच आहो."

जबाब मला वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच आहे. वाचणे चालू असताना पंजाबराव फटफटीवरून ठाण्यात आला आणि कापसाच्या खोलीला आग लागल्याची खबर लिहून घ्या म्हणाला. आत माणूस होता, असे तो बोलला नाही. माझा जबाब त्याच्या खबरेच्या आधी घेतला आहे, तशी वेळ टाकावी, मग मी अंगठा देते.