चमचाभर औषध

अवसरीच्या डेअरीपुढच्या रांगेत तबाजी आणि गेणू किटल्यांतल्या दुधाचा नमुना फॅट मोजायला आत देऊन माझ्या पुढं उभे होते.

"गेणूभाऊ, सोयरिकीचं मग बोलू. तुमची अक्षदा त्या रिफायनरीत करती काय?"

"तितं गॅस ॲसिडात घालून पेट्रोल बनवत्यात. त्या ॲसिडात ती चमचाभर औषध टाकती."

"म्हंजी भेसळ! आमच्या सुदर्शनला असली बायको नको, राव."

"भेसळीनं माल हलका व्हतो, तबाजीराव. हिच्या औषधानं पेट्रोल लई भारी व्हतं. ऑक्टेन वाढतो."

"त्यो काय असतो?"

"दुधाला फॅट, तसा पेट्रोलला ऑक्टेन."

"आन् चमचाभरात वाढतो?"

"मशीनवर दिसतो की!"

तेवढ्यात आतून डेअरीवाला ओरडला, "तबाजीभाऊ, तुमचं फॅट आजबी कमीच लागलं!"

"गेणूभाऊ, पोरगी बघाय सांच्याला आलो तर चालंल?"