जगायचं मात्र काकूंनी

पेन्शनचं काय सांगतोस यार, आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमधल्या राणेकाकांचं ऐक. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट असेल. रिटायर झाल्यावर काकांनी एकरकमी पैसे भरून पेन्शनची पॉलिसी घेतली. मालक काका, चेक काकांच्या नावाने, पण तो येणार काकू जिवंत असेपर्यंतच. त्यामुळे काकू हयात असल्याचा दाखला दरवर्षी द्यावा लागायचा. माझे वडील गॅझेटेड ऑफिसर, म्हणून काकू त्यांच्यासमोर सही करायला काकांबरोबर आमच्याकडे यायच्या.

एका वर्षी काकूंनी पेन हातात घेतलं आणि वडिलांना विचारलं, "भाऊ, हे पैसे कोणाचे?"

"काकांचे. पॉलिसीचे मालक ते."

"उद्या वारसाचं नाव बदलायचं झालं तर?"

"तेही काकाच ठरवणार."

"मग मी काय करायचं?"

काका मध्येच म्हणाले, "तू फक्त जगायचंस गं!"

काकूंनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. "मग सहीही मालकांनीच करावी."

"अगं, माझी चालत नाही!"

"मालवणला माहेरी महिनाभर जाते म्हटलं, ते तरी तुम्हाला कुठे चाललं?"

काका म्हणाले, "जा ना! मी कुठे अडवलंय?"

काकूंनी सही केली.

मे महिन्यात काका स्वतः त्यांना एसटीवर सोडायला आले, मीही सोबत होतो. काका ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा सांगत होते, "घाटात जरा सावकाश हो!"

तेवढ्यात खिडकीतून काकूंचा आवाज आला, "काळजी करू नका हो मालक, जिवंत परत येते!"