धाकाची काहील

मंडळी, ऐका! एक सांगा — माणूस मन लावून काम कशानं करतो? पोटासाठी? मानासाठी? का भीतीनं?

एक पंडित म्हणतो, गरजांचा जिना असतो! आधी पोट. मग निर्धास्त निवारा. मग आपली माणसं, मग मान, आणि सगळ्यात वर — स्वतःत जे आहे ते फुलवणं. दुसरा पंडित म्हणतो — छे हो! भाकरी नि छप्पर दिलंत तर कुरकुर थांबेल, पण उमेद? ती कामातल्या मानानंच येते! आणि तिसरा पंडित... तो पुस्तकात नसतो, गावोगाव असतो! तो म्हणतो — दम द्या, काम होतं!

आमचे आप्पासो इंगवले ह्या तिसऱ्याचे चेले.

आप्पासोंचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, आटवायचा, गूळ पाडायचा. अशा एका खेपेला म्हणतात आधण. त्यांनी गड्यांना पोटभर जेवण दिलं, झोपायला पत्र्याचं छप्पर दिलं. तरी काम रेंगाळायचं! आप्पासोंचं डोकं फिरलं. म्हणाले, "आजपास्नं जो आधण थांबवील, त्यानं वळकटी उचलून चालतं व्हायचं!"

काय सांगू महाराज! काम पळायला लागलं! आप्पासो खूश. गडी मात्र मुके झाले. हसणं गेलं, गाणं गेलं. ह्यांना वाटलं — शिस्त आली!

एके दिवशी काहील उचलायची वेळ झाली. कड्यांत दांडे घातले. आत गूळ रटरटतोय, खाली चुलवाण धगधगतंय! आणि एका टोकाचा गडी, भिवा, पोट धरून बाजूला बसला.

"सोंगाड्या! सरक, मी धरतो!" म्हणत आप्पासोंनी दांडा धरला.

"उचला रं!"

कुणी हललं नाही.

आप्पासोंनी चेहरे पाहिले — सगळे पांढरे! कुणी त्यांच्या हाताकडे बघतोय, कुणी जमिनीकडे. त्यांच्या मनात आलं — ह्यांना काहीतरी ठाऊक आहे, आणि ते मला सांगत नाहीत! मी इथं मेलो, तरी सांगणार नाहीत? पण मालक ना! भीती दाखवायची कशी? आणखी मोठ्यानं ओरडले, "उचला म्हनतो न्हवं!"

तेवढ्यात दौलू गुळव्या, गूळ पाडणारा जाणता कारागीर, दांडा सोडून कोपऱ्यात गेला. अंथरूण गुंडाळायला लागला!

"आधण जळाय लागलंय, आन् वळकटी कसली बांधतुयास?"

दौलूनं गाठ मारली. वळकटी काखेत घेतली. मग म्हणाला, "मालक, हात काढा. तुमच्या हातातला दांडा तडाकलाय. येतो आता."

आप्पासोंनी खाली पाहिलं. तळहाताखाली उभी चीर! काहील उचलली असती तर ते उकळतं सगळं त्यांच्याच पायांवर! त्यांनी झटकन हात काढला.

"जाळ भाईर वढा!" घोगऱ्या आवाजात ते ओरडले. गूळ करपला. करपू दे!

खाली बसून त्यांनी विचारलं, "दौलू, मागल्या आधणालाच तडाकला असंल. का बोलला न्हाईस रं?"

"बोलायच्या आदी वळकटी बांधावी लागती, मालक. आज बांधली, म्हनून बोललो."

मंडळी, आप्पासो ढसाढसा रडले. दौलूच्या काखेतली वळकटी स्वतः काढून घेतली, जागेवर ठेवली.

आता सांगा, कुठला पंडित खरा? पहिला म्हणाला तशी भाकरी होती, छप्पर होतं. दुसरा म्हणाला तशी कुरकुरही थांबली होती. पण उद्या इथं असू का नसू, हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या मानाला तुम्ही काय आरती ओवाळणार? ज्या निर्धास्तपणाच्या पायरीवर उभं राहायचं, तीच ह्या माणसानं काढून घेतली!

हसता काय! आप्पासो इथंच बसलेत — एकेका चटईवर एकेक! आज घरी जाल. दार उघडाल. आत चाललेलं बोलणं एकदम थांबलं, तर त्याला शिस्त म्हणू नका! कान टवकारा — आत काहीतरी तडकलंय, आणि तुम्हाला सांगायची कुणाची छाती नाही!

हात जोडा आणि म्हणा — पांडुरंगा, माझी भीती कुणाला वाटू देऊ नको रे!