मामीच्या दारातलं दही

व्हेगन माणसं जास्त हट्टी की माझी मामी, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आमचा व्हेगन सायकलवाला ग्रुप दौंडहून निघून मांडवगण फराट्याला मामांकडं जेवायला थांबला. दूध-तूप चालत नाही हे मी आधीच कळवलं होतं, आन् मामीनं सगळं तेलात केलं होतं. पण निघताना ती दह्याची वाटी घेऊन दारात उभी राहिली.

"अगं मामी, दही दुधाचंच असतंय."

"ठावं हाय मला. पण हातावर दही घेतल्याबिगर ह्या दारातनं कुणी परगावाला गेलं न्हाई."

आमची लीडर नेहा शांतपणे हेल्मेट काढत म्हणाली, "मग आज मुक्काम करतो, मामी. थोडे शेंगदाणे द्या."

तिनं शेंगदाणे भिजवून वाटले, त्याचं दूध गाळून उकळलं आन् कोमट झाल्यावर विरजण म्हणून मिरच्यांचे देठ टाकले. सकाळी दही घट्ट लागलं होतं. मामीनं बोटानं चाखलं, साखर कालवली आन् एकेकाच्या हातावर ठेवलं.

"आता जावा."

मामा डेअरीला घालायच्या दुधाची किटली गाडीला अडकवत हे बघत होते. जवळ येऊन हळूच म्हणाले, "ह्ये डेअरीवर कुणाला बोलू नगंस."