कोऱ्या अंगाची मोटार

मला भित्रा म्हणायचं तर म्हणा, पण आधी ऐका. अकोल्यात माझी वकिली नुकती जमू लागली होती, आणि जुनी का होईना, मोटार घ्यायचीच असं मनानं घेतलं होतं. अकोटला एका कापसाच्या जिनवाल्याची विधवा नवऱ्याची मोटार अगदी स्वस्तात विकत होती. गाडीला एक ओरखडा नाही. बॉनेटवर मात्र कुंकवाची स्वस्तिकं, एकावर एक काढलेली.

"पुसली काहून नाही?" मी विचारलं.

"राहू द्या. नव्या मालकाची बायको जुन्यावरच नवं काढते." मग किल्ली देताना म्हणाली, "तुमचं लगन झालं हाये ना?"

मी हो म्हटलं. घरी आल्यावर बायकोनं हौसेनं स्वस्तिक काढलं, आणि मी विम्याच्या एजंटाकडे गेलो. गाडीचा नंबर ऐकून त्यानं जुनं रजिस्टर उघडलं.

"विमा तुमाले लय स्वस्त पडते, वकीलसाहेब. चार मालक झाले, पण गाडीले कधी काईच झालं नाही."

"मग चौघांनी विकली काहून?"

"त्यायनं कुठं विकली? चौघंबी वर्षाच्या आत घरी झोपेतच गेले. दर वेळी गाडी विकली ती बायकोनं."

दुसऱ्याच दिवशी मी निम्म्या किमतीत गिऱ्हाईक पाहिलं. पाचवा मालक मी, आणि जिवंतपणी ती विकणारा पहिलाच. अचलपूरचा चांगला तरणा माणूस होता तो. त्याच्या हातात किल्ली ठेवताना माझ्या तोंडून आपसूक निघालं,

"तुमचं लगन झालं हाये ना?"